धार लावल्यावर पट्ट्यावर कुठलं कंपाउंड वापरायचं आणि कसं

सुरी दगडावर नीट घासली, धार आली असं वाटतंय, कागद कापला जातो पण मध्येच कुठेतरी अडकून फाटतो, टोमॅटोवर टेकवली तर साल आधी दबते आणि मग एकदम फुटते. अशा वेळी बहुतेक जण परत दगडाकडे वळतात आणि अजून पंधरा मिनिटं घासत बसतात. पण दगडाचं काम तोवर झालेलं असतं. राहिलेली असते ती बर, म्हणजे घासताना धारेच्या पलीकडे दुमडलेली पोलादाची पापुद्र्यासारखी कड, वर्कशॉपात काम केलेल्यांना हा शब्द माहीत असेल. ती डोळ्याला सहसा दिसत नाही, पण पात्याच्या पाठीकडून धारेकडे अंगठा हलकेच सरकवत बाहेर नेला (पाठीकडून धारेकडे आणि तिथून बाहेरच, धारेच्या लांबीवरून कधीच नाही) की एका बाजूला काहीतरी खरखरीत अडकतं. ही बर काढायला आणि धार गुळगुळीत करायला चामड्याचा पट्टा आणि त्यावर लावायचं कंपाउंड लागतं.

पूर्वी सलूनमध्ये खुर्चीला लटकवलेल्या पट्ट्यावर वस्तरा इकडून तिकडे पलटत मारायचे, ते आता जवळजवळ बंदच झालंय कारण सगळीकडे बदलायचं ब्लेड आलं आणि रोगाच्या भीतीने ते योग्यच झालं. पण त्यामुळे झालं काय की पट्टा ही गोष्टच लोकांच्या डोळ्यांसमोरून गेली. आता सुतारकामाची आवड असणारे, चांगल्या सुऱ्या घेणारे लोक पुन्हा पट्ट्याकडे वळलेत आणि सगळ्यांचा पहिला प्रश्न एकच, कंपाउंड हिरवं घेऊ का पांढरं?

त्याचं उत्तर देण्याआधी एक गोष्ट. बोथट पातं कंपाउंडने धारदार होत नाही. १००० नंबरच्या जपानी दगडातला कण साधारण साडेअकरा मायक्रॉनचा असतो, आणि चांगल्या हिरव्या कंपाउंडमधला अर्ध्या मायक्रॉनच्या आसपास, म्हणजे साधारण तेवीस पटीने बारीक. (माणसाचा केस साधारण ५० ते १०० मायक्रॉन जाड, यावरून अंदाज घ्या.) इतक्या बारीक कणाने पोलाद निघतं ते अगदी नावापुरतं. मी सुरुवातीला एका खवले पडलेल्या पटाशीवर अख्खी संध्याकाळ पट्टा मारला होता, पटाशी आरशासारखी चकाकली आणि सागवानावर टेकवल्यावर तसूभर सरकली नाही. तेव्हा आधी दगडावर दोन्ही बाजूंनी पूर्ण लांबीभर बर येईपर्यंत घासा, मग बारीक दगडावर ती कमी करा, आणि मगच पट्टा हातात घ्या.

रंगावर जाऊ नका

कंपाउंड म्हणजे घासणारी पूड आणि तिला धरून ठेवणारं मेण किंवा चरबी किंवा तेल. रंग काय असावा याचा कुठलाही एक नियम नाही, एका कंपनीची पांढरी कांडी दुसऱ्या कंपनीच्या हिरव्यापेक्षा बारीक असू शकते आणि तिसऱ्याची त्याच्या उलट. म्हणून दुकानदाराला दोनच प्रश्न विचारा, आत पूड कशाची आहे आणि किती मायक्रॉनची. त्याला सांगता येत नसेल आणि पाकिटावरही नसेल तर ती कांडी भांडी चकचकीत करायची आहे असं समजा, आपल्या कामाला ती चालेलही पण भरवशावर राहू नका.

तरीही साधारण काय काय मिळतं ते सांगतो.

हिरव्यात क्रोमियम ऑक्साइड असतं. पण बाजारातल्या बऱ्याच हिरव्या कांड्यांत क्रोमियम ऑक्साइडबरोबर ॲल्युमिनियम ऑक्साइड पण भरपूर मिसळलेलं असतं आणि ते जास्त जाड असू शकतं. हे काही वाईट नाही, उलट बर लवकर निघते, पण वस्तऱ्यासाठी घेत असाल तर मात्र शुद्ध क्रोमियम ऑक्साइडची पूड किंवा पेस्ट घ्यायला हवी. हीच पूड सिरॅमिकवाले ग्लेझला हिरवा रंग द्यायला वापरतात, त्यामुळे पॉटरीचं सामान विकणाऱ्यांकडे मिळते. उघडी पूड हाताळताना मास्क लावा, कुठलीही बारीक पूड श्वासातून आत जाऊ नये.

पांढऱ्यात बहुतेक वेळा ॲल्युमिनियम ऑक्साइड. आपल्याकडे ज्याला कुरुंद म्हणतात तेच हे, इंग्रजीतला कोरंडम हा शब्दही तमिळ कुरुंदम वरून गेलाय आणि त्याचं नातं संस्कृत कुरुविंदाशी लावतात. माणिक पण हाच खडा, त्यात चिमूटभर क्रोमियम गेलं की लाल होतो. आपल्या भाषांतला हा शब्द जगभर फिरतोय याचं मला दर वेळी फार बरं वाटतं.

लाल म्हणजे रूज, आयर्न ऑक्साइड, सोनारकामातलं. सोन्याचांदीला उत्तम, पण पोलादाच्या मानाने मऊ, त्यामुळे सुरीवर अतिशय हळू चालतं. घरात पडलेलं असेल तर वापरून बघा, पण मुद्दाम सुरीसाठी विकत घेऊ नका. काळ्या कांड्या बहुतेक एमरीच्या असतात, जाड असतात, कोयत्याला किंवा बागेतल्या कात्रीला ठीक.

आणि मग डायमंड. कृत्रिम हिऱ्याची पूड, पेस्टमध्ये किंवा स्प्रेमध्ये. इथे मायक्रॉन स्पष्ट लिहिलेले असतात ही सगळ्यात मोठी सोय. डाय-मोल्ड पॉलिश करणारे लोक हीच पेस्ट वापरतात, भोसरी-चिंचवडकडच्या टूलरूममध्ये कुणी ओळखीचं असेल तर त्यांना विचारा, सिरिंजमध्ये येते. सिरिंजवर डब्ल्यू ३.५, डब्ल्यू १, डब्ल्यू ०.५ असं लिहिलेलं असेल तर तो आकडा म्हणजे ढोबळमानाने मायक्रॉनच. मुंबईत असाल तर नागदेवी स्ट्रीटला एक चक्कर मारा, हत्यारांच्या दुकानांत विचारत गेलात की पॉलिशच्या कांड्या आणि डायमंड पेस्ट दोन्ही सापडेल.

कुठल्या पोलादाला काय

खरी निवड इथे होते आणि याच्यावर लोक सगळ्यात कमी विचार करतात.

पोलादात कार्बाइडचे बारीक कण असतात, तेच झीज सोसतात. साध्या कार्बन पोलादात हे कार्बाइड लोखंडाचे असतात, क्रोमियम ऑक्साइड किंवा कुरुंदापेक्षा मऊ, त्यामुळे हिरवं किंवा पांढरं कंपाउंड त्यांना सहज कापतं. आपली विळी, कमानपाट्यापासून लोहाराने बनवलेला कोयता, जुन्या पटाश्या, रंध्याची पाती, वस्तरा, हे सगळं यात आलं. स्वयंपाकघरातल्या नेहमीच्या स्टेनलेस सुऱ्या पण मऊच असतात आणि त्यांनाही हिरवं किंवा पांढरं पुरतं. म्हणजे महाराष्ट्रातल्या दहापैकी नऊ घरांना, माझ्या अंदाजाने, एक हिरवी कांडी, वर सांगितलेली ॲल्युमिनियम ऑक्साइड मिसळलेली, बास आहे.

भानगड होते ती व्हॅनेडियम जास्त असलेल्या पोलादात. महागडे फोल्डिंग चाकू एस३०व्ही, एस९०व्ही असल्या पोलादाचे येतात, लाकडाच्या लेथवरची हायस्पीड स्टीलची हत्यारं पण आहेत (एम२ मध्ये साधारण २ टक्के व्हॅनेडियम असतं). व्हॅनेडियम कार्बाइड हा कुरुंदापेक्षा कठीण. मग हिरवं कंपाउंड काय करतं, कार्बाइडच्या आजूबाजूचं मऊ पोलाद घासतं आणि कार्बाइडला हात लावू शकत नाही. पातं चमकतं पण कापत नाही आणि माणूस म्हणतो पट्ट्यात काही दम नाही. अशा पात्यांना डायमंड किंवा सीबीएनच (क्यूबिक बोरॉन नायट्राइड, हिऱ्याखालोखाल कठीण कृत्रिम पूड) घ्या. मोह स्केलवर (खनिजांचा कठीणपणा मोजायची १ ते १० ची पट्टी) कुरुंद ९ आणि हिरा १० असं बघून फरक एका पायरीचा वाटतो, पण त्या स्केलवरच्या पायऱ्या सारख्या उंचीच्या नाहीत, हिरा कुरुंदाच्या कित्येक पट कठीण आहे.

मग सगळ्यालाच डायमंड का नाही? चालेल की. पण मऊ पोलादावर तो फार वेगाने चालतो, चार फटके जास्त झाले की धार गोल होते, म्हणून हात बसलेला नसेल तर आधी हिरव्यावर शिका.

आता बारीक किती. इथे मी थोडा हट्टी आहे. स्वयंपाकघरातल्या सुरीला अर्ध्या मायक्रॉनपर्यंत नेऊ नका. टोमॅटो, ढोबळी मिरची, पावाची कडक कड यांना धारेवर थोडे दात लागतात, ते पॉलिशमध्ये घालवले की सुरी केस तासते आणि टोमॅटोवरून घसरते. सुरीला १००० च्या दगडानंतर ३ किंवा १ मायक्रॉनवर एका बाजूला सहा-सात फटके, संपलं. पटाशी आणि रंधा यांचं उलटं, तिथे पातं सरळ ढकलायचं असतं, सागाच्या टोकाकडचे रेषे तासायचे तर धार जितकी गुळगुळीत तितकी चांगली, म्हणून १ मायक्रॉन आणि मग ०.५. वस्तऱ्याला ०.५ किंवा ०.२५, आणि शेवटी काहीही न लावलेल्या चामड्यावर.

नुसतं चामडं पुरत नाही का, हा प्रश्न हमखास येतो. आयोवा स्टेट विद्यापीठातले धातुशास्त्राचे प्राध्यापक जॉन व्हरहोवेन यांनी सुऱ्यांच्या धारेचे इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली फोटो काढून २००४ साली एक मोठा प्रयोग मांडला होता, त्यात कोऱ्या चामड्याने बर फारशी जात नाही आणि क्रोमियम ऑक्साइड लावलेल्या चामड्याने चांगली जाते असं त्यांना दिसलं. माझा हाताचा अनुभव पण तसाच.

पट्टा घरीच करा

साधारण ३० सेंटीमीटर लांब, ६-७ सेंटीमीटर रुंद, अगदी सपाट लाकडाची फळी घ्या. वाकडी फळी असेल तर पुढचं सगळं वाया. त्यावर २ ते ३ मिलिमीटर जाडीचं चामडं चिकटवायचं. चामडं कुठलं, तर झाडाच्या सालीत कमावलेलं, म्हणजे व्हेज टॅन, ते घट्ट असतं. पर्स-जॅकेटचं क्रोम टॅन चामडं बहुतेक मऊ आणि ताणलं जाणारं असतं, पातं त्यात रुततं आणि धार गोल होते. आपल्याकडे याची सगळ्यात सोपी जागा म्हणजे कोल्हापुरी चप्पल बनवणारे कारागीर. कोल्हापुरीचं चामडं पिढ्यानपिढ्या बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलं जातं, तळव्याचे उरलेले तुकडे मागितले तर मिळतात, कोल्हापुरात चप्पल लाइनला विचारा. मुंबईकरांना धारावी आहे. तळव्याचं चामडं फार टणक आणि खडबडीत असेल तर १२० च्या पॉलिश पेपरने आधी सपाट करून घ्या.

चिकटवायला फेव्हिकॉल चालतो, पातळ थर द्या, वर दुसरी फळी आणि पाट्यावरवंट्यासारखं काहीतरी जड ठेवून रात्रभर सोडा. खरखरीत बाजू वर ठेवली तर कंपाउंड जास्त धरते, गुळगुळीत बाजू वर ठेवली तर पट्टा कडक राहतो. मी पटाशीसाठी गुळगुळीत आणि सुरीसाठी खरखरीत ठेवतो. चामडंच मिळत नसेल तर एमडीएफच्या तुकड्यावर डायमंड पेस्ट लावा, पटाशीला हे चामड्यापेक्षाही छान चालतं कारण ते दबत नाही.

एक पट्टा एकच कंपाउंड. ३ मायक्रॉनच्या पट्ट्यावर नंतर अर्धा मायक्रॉन लावून काही उपयोग नाही, जाड कण आतच राहतात. पट्ट्याच्या मागे मार्करने लिहून ठेवा काय लावलंय ते. आणि जाडवरून बारीकवर जाताना पातं पुसून घ्या.

कांडी लावताना लोक पुरणपोळीवर तूप सोडावं तशी सोडतात. एवढी नको. हेअर ड्रायरने चामडं किंचित कोमट करा आणि मुलं खडूने रंगवतात तसं हलकं रंगवा, मधून मधून चामडं दिसत राहिलं पाहिजे. जाड थराचे गोळे होतात, पातं त्यावरून उड्या मारतं. पूड असेल तर शिलाई मशीनच्या तेलाचे दोन-तीन थेंब टाकून चोळा. खोबरेल वापरू नका, थंडीत गोठतं आणि नंतर खवट होतं. डायमंड पेस्ट अख्ख्या पट्ट्याला मोहरीएवढे पाच-सहा ठिपके, बोटाने पसरायचे, दहा मिनिटं मुरू द्यायचे.

फटका कसा मारायचा

धार नेहमी मागे राहिली पाहिजे. म्हणजे पात्याची पाठ पुढे, धार तिच्यामागून घसटत येते, दगडावर आपण धार पुढे घालून पण घासतो, तसं इथे केलं तर चामडं कापलं जाईल.

कोन दगडावर ठेवलेल्या कोनापेक्षा एखाद-दोन अंश कमीच ठेवा, कारण चामडं दबून धारेभोवती वर येतं. अंदाज यायला हिशोब असा, साडेचार सेंटीमीटर रुंद पात्याची सुरी १५ अंशाला धरायची तर पाठ पट्ट्यापासून साधारण १२ मिलिमीटर वर येते, २० अंशाला १५ मिलिमीटर. तेवढ्या जाडीची नाणी एकावर एक रचून एकदा बाजूला ठेवून बघा, हाताला समजतं. खात्री करायची असेल तर धारेच्या दोन्ही बाजूंना काळा मार्कर लावा आणि दोन फटके मारा. शाई अगदी कडेपर्यंत निघाली तर कोन बरोबर, कडेला शाई उरली तर पाठ थोडी उचला.

जोर हा सगळ्यात मोठा घात. स्वयंपाकघरातला वजनकाटा घ्या, त्यावर पट्टा ठेवून शून्य करा आणि फटका मारताना आकडा बघा. मी सुरीला सुरुवातीला दोनशे-तीनशे ग्रॅम ठेवतो आणि शेवटचे तीन-चार फटके नुसत्या सुरीच्या वजनाने. पहिल्यांदा बघितलं तेव्हा माझा आकडा किलोच्या पुढे गेला होता आणि मला वाटत होतं की मी हलक्या हाताने मारतोय, म्हणून सांगतो, एकदा तरी काट्यावर मारून बघाच.

फटका संपताना मनगट वळवून पातं उचलायची सवय असते, त्यात नेमकी धार चामड्यावर टेकून गोल होते. पातं थांबवा, मग सरळ वर उचला, मग बाजू बदला. बर मोठी असेल तर आधी ती ज्या बाजूला आहे तिथे चार-पाच, मग दुसऱ्या बाजूला, मग एक-एक आलटून पालटून. पटाशीला पाठीची सपाट बाजू अगदी पूर्ण टेकवून मारा, तिथे शून्य अंश, जरा उचललं की पटाशीची सपाटी गेली.

पट्टा झाल्यावर पातं साबणाने धुवा. हे स्वयंपाकघरातल्या सुरीला कधीही विसरू नका, ते कंपाउंड पोटात जायची गोष्ट नाही.

झालं का बघायला दिव्याखाली धार तुमच्याकडे करून धरा, धारेवर कुठे पांढरा ठिपका चमकला तर तिथे ती बोथट आहे किंवा बर उरलीय. चांगली धार उजेडात दिसतच नाही. मग वर्तमानपत्राचा कागद, आणि सुरी असेल तर पिकलेला टोमॅटो, न दाबता.

बफिंगच्या मोटरवर हे सगळं दोन मिनिटांत होतं हे खरं, पण चाकाने पातं पकडलं की ते कुठे उडेल सांगता येत नाही. ज्याने कारखान्यात शिकलंय त्याने करावं, घरी नको.

विळीला पट्टा

याबद्दल कोणी लिहीत नाही म्हणून मुद्दाम. विळी पट्ट्यावर आणता येत नाही, पट्टाच विळीकडे न्यावा लागतो. लाकडी डावासारख्या मुठीच्या पट्टीवर तीन-चार सेंटीमीटर रुंदीचं चामडं चिकटवा. विळीचा पाट ओट्याला क्लॅम्पने घट्ट बांधा, खवणीवर जाड फडकं गुंडाळा, आणि पात्याच्या पाठीच्या बाजूला उभं राहा, नेहमी बसतो त्या बाजूला अजिबात नाही. मूठ तुमच्याकडे, चामडं पात्याच्या एका अंगाला टेकवून पाठीकडून धारेकडे ढकलत बाहेर न्यायचं. अशाने हात कायम पाठीमागे राहतो आणि धारेसमोर येत नाही. पात्याच्या बाकाप्रमाणे थोडं थोडं खालून वर सरकत जायचं, मग दुसऱ्या अंगाला तेवढेच फटके. हिरवं कंपाउंड पुरतं. माझ्या आईची विळी मी पंधरा दिवसांनी अशी करतो आणि धारवाल्याकडे ती वर्षभरात गेलेली नाही, कोथिंबीर चिरताना काळी पडत नाही हे आईने स्वतःहून सांगितलं.

पट्टा वापरून काळा पडतो, ते निघालेलं पोलाद आहे, काळा पडला म्हणून लगेच पुसू नका. गुळगुळीत होऊन पातं नुसतं घसरायला लागलं की जुन्या सुरीच्या पाठीने खरवडून काढा, २४० चा पेपर हलका फिरवा आणि पुन्हा थोडं कंपाउंड लावा. पावसाळ्यात, विशेषतः कोकणात, चामड्याला बुरशी धरते, म्हणून प्लास्टिकच्या पिशवीत कोंडून ठेवू नका, सुती कापडात गुंडाळून हवेशीर जागी टांगा, आणि धूळ बसू देऊ नका कारण धुळीतला वाळूचा एक कण धारेवर ओरखडा काढायला पुरतो. आणि रोज वापरातल्या सुरीला पट्टा मारूनही दोन दिवसांत धार जायला लागली, की मग पट्ट्याचे फटके वाढवू नका, तिला पुन्हा १००० च्या दगडावर घ्या.